अंगठाछाप! एका शिवीचा, एका बँकेचा आणि आपल्या बोटांचा इतिहास

ज्यांना कानात इअरफोन घालून ऐकायला वेळ नाही किंवा ज्यांच्या पाड्यावर रेंज येत-जात असते, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून देतोय. बोललोय तसंच ठेवलंय, थोडंसं आवरून.

आजचा भाग सुरगाण्यातून सुरू होतो, साताऱ्यातल्या म्हसवडला जातो, मध्येच बंगालची एक चक्कर मारतो आणि परत सुरगाण्यात येऊन थांबतो. विषय आहे तुमचा अंगठा. हो, ज्या अंगठ्याने तुम्ही आत्ता हे पान खाली सरकवताय, तोच.

घास आजी, अजून घास

गेल्या मे महिन्यात सुरगाण्याला गेलो होतो. बाजारात एक छोटं दुकान. झेरॉक्स, मोबाईल रिचार्ज, फोटो, आणि आधारवर पैसे काढून देतात तसलं एक मशिन. दुकानात एक आजी बसलेल्या. मशिनवर अंगठा ठेवला की लाल दिवा. परत ठेवला, परत लाल. दुकानातला पोरगा म्हणाला, "घास आजी, अजून घास." आजींनी पदराला अंगठा पुसला, केसांना घासला, फुंकर मारली. परत लाल.

मग त्या हसून म्हणाल्या, "किती घासू रे पोरा? आवणी करून करून झिजला तो. आता त्याच्यात काय राहिलं?"

सहाव्या की सातव्या वेळेला हिरवा दिवा लागला. आजींनी पैसे घेतले, मोजले, गाठीला बांधले आणि निघाल्या. त्यांचं काम झालं. माझ्या डोक्यात मात्र तो अंगठा अडकून राहिला.

ज्यांनी सुरगाणा पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचा, गुजरातला चिकटलेला हा डोंगरी तालुका. एकेकाळी हे छोटंसं संस्थान होतं, १९४८ साली विलीन झालं. कोकणा, वारली, महादेव कोळी अशी बहुसंख्य आदिवासी वस्ती. नागली, भात, वरई ही पिकं. पावसाळ्यात पाऊस धो धो पडतो, पण पाणी डोंगरावरून पश्चिमेला वाहून जातं आणि एप्रिल-मेमध्ये बाया डोक्यावर हंडे घेऊन दरीत उतरतात. पावसाळ्यानंतर कित्येक घरं कुलूप लावून दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला जातात. म्हणजे राबणारे हात इथे भरपूर आहेत. प्रश्न एवढाच आहे की त्या हातांच्या कमाईचा हिशोब कुणाच्या वहीत लिहिला जातो.

आणि तोच आजचा इतिहास आहे.

नांगर, बांगडी आणि मग अंगठा

"अंगठाछाप", "अंगठेबहाद्दर" हे शब्द आपण शिवीसारखे वापरतो. पण अंगठा हा सहीला पर्याय म्हणून आला कधी?

जुने मराठी कागद बघितले तर गंमत दिसते. ज्याला लिहिता येत नाही तो निशाणी करायचा. शेतकरी असेल तर नांगर काढायचा, बाई असेल तर बांगडी. कागदावर लिहिलेलं असायचं, "निशाणी नांगर". म्हणजे अक्षर येत नसलं तरी तुम्ही कोण आहात, काय काम करता, हे तुमच्या निशाणीत दिसायचं. एका अर्थाने तो तुमचा लोगोच होता म्हणा ना.

अंगठा आला तो इंग्रजांच्या काळात. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल नावाचा एक तरुण इंग्रज अधिकारी होता. त्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून रस्त्याच्या मालाचा करार लिहून घेतला आणि करारावर त्याच्या अख्ख्या पंज्याचा ठसा उमटवून घेतला. का? तर उद्या हा माणूस "ही सही माझी नाही" असं म्हणू नये म्हणून. थोडक्यात, ठशाच्या मुळाशी विश्वास नव्हता, अविश्वास होता.

पुढे १८९७ साली कलकत्त्यात बोटांच्या ठशांचं कार्यालय सुरू झालं. हजारो ठशांतून एक ठसा पटकन कसा शोधायचा, याचं गणित बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांचा मोठा वाटा होता. जगभर मात्र ती पद्धत त्यांच्या साहेबाच्या, एडवर्ड हेन्रीच्या नावाने ओळखली जाते. असं होतं बघा. काम कुणाचं आणि सही कुणाची!

आता आपल्याकडे या. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं. तिकडचा कापूस बंद झाला, म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी हात सैल सोडून कर्जं दिली. युद्ध संपलं, भाव कोसळले, सरकारने सारा वाढवला आणि शेतकरी कर्जात बुडाला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकरी उठले. मग पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत तेच झालं. यालाच आपण दख्खनचे दंगे म्हणतो.

शाळेच्या पुस्तकात हे चार ओळींत संपतं. पण त्यातली एक गोष्ट लक्षात ठेवा. शेतकऱ्यांचा राग मुख्यतः सावकाराच्या कागदांवर होता. कर्जरोखे, खतावण्या, वह्या त्यांनी बाहेर काढल्या आणि जाळल्या. त्यांना पक्कं माहीत होतं की आपल्याला बांधून ठेवणारी दोरी त्या कागदात आहे. ज्या कागदावर आपली निशाणी आहे, पण ज्यातलं एक अक्षर आपल्याला वाचता येत नाही, त्या कागदात.

१८७९ साली सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. शेतकऱ्याचे दस्त गावासाठी नेमलेल्या सरकारी निबंधकासमोर व्हावेत, अशी त्यात सोय होती. कायदा आला, पण लिहिणारा एक आणि अंगठा देणारा दुसरा, ही पद्धत गेली नाही. पुढची शंभर वर्षं सावकाराकडे, कचेरीत, बँकेत आपल्या आज्या-पणज्यांनी अंगठे दिले आणि वर "अंगठाछाप" हे बिरुदही मिळवलं.

प्लास्टिकच्या कागदासाठी बँक

आता सातारा जिल्ह्यात चला. माण तालुका, म्हसवड गाव. सुरगाण्याच्या अगदी उलट हवा. इकडे पाऊस पडून वाहून जातो, तिकडे तो पडतच नाही. पण हंडा मात्र दोन्हीकडे बाईच्याच डोक्यावर.

चेतना गाला ही मुंबईत जन्मलेली, वाढलेली, अर्थशास्त्र शिकलेली मुलगी. जयप्रकाश नारायणांच्या विचारांनी भारावून ती खेड्यांकडे गेली. शेतकऱ्यांच्या, जमिनीच्या हक्काच्या, बायकांच्या चळवळीत काम करू लागली. त्यातच म्हसवडचे शेतकरी कार्यकर्ते विजय सिन्हा भेटले, लग्न झालं आणि ऐंशीच्या दशकात ती म्हसवडची झाली. घरात नळ नाही, संडास नाही. मुंबईकर पोरीसाठी हे काय असेल, विचार करा.

तिथे त्यांना कांताबाई भेटल्या. कांताबाई लोहारकाम करायच्या आणि कुटुंबासह रस्त्याच्या कडेला राहायच्या. त्यांना बँकेत खातं उघडायचं होतं. कशासाठी? पावसाळा यायच्या आत प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता, पोरांच्या डोक्यावर घालायला. रोज १० रुपये बाजूला टाकायची त्यांची तयारी होती.

चेतनाताई त्यांना घेऊन बँकेत गेल्या. मॅनेजरने नकार दिला. एवढ्या लहान रकमेसाठी वेळ घालवणं परवडत नाही, असं त्याचं म्हणणं.

आता इथे एक मिनिट थांबू. मॅनेजर वाईट माणूस होता, असं म्हणून पुढे जाणं सोपं आहे. पण त्याच्या बाजूने हिशोब बघा. रोज दहा रुपये म्हणजे वर्षाचे ३,६५०. त्यासाठी वर्षातून ३६५ वेळा कारकुनाने पावती फाडायची, वहीत लिहायचं, नोट मोजायची. त्या ३,६५० रुपयांवर बँकेला जे सुटेल त्यापेक्षा कारकुनाचा पगार जास्त. कांताबाईच्या बाजूने बघितलं तरी तेच. समजा बँकेत जायला जीपचे चाळीस रुपये लागले आणि अर्ध्या दिवसाचं काम बुडालं, तर दहा रुपये टाकायला ती जाईल का? म्हणजे दोन्ही बाजूंना इच्छा असली तरी मधलं अंतर दोघांनाही परवडत नव्हतं.

हे अंतर कमी करणं हाच खरा तंत्रज्ञानाचा प्रश्न असतो. ॲप, मशिन, कार्ड ही सगळी नंतरची गोष्ट.

चेतनाताईंनी ठरवलं, बँक खातं उघडत नाही ना, मग आपणच बँक काढू. महिलांची सहकारी बँक. रिझर्व्ह बँकेकडे परवान्याचा अर्ज गेला आणि नाकारला गेला. कारण? बँक काढणाऱ्या बायकांना लिहिता-वाचता येत नाही. सरळ मराठीत सांगायचं तर, अंगठाछाप आहेत.

चेतनाताईंनी हे पुढे अनेकदा सांगितलंय की त्या रडत रडत गावी परत आल्या. बायका मात्र रडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, शिकू की मग! दिवसभर राबून संध्याकाळी वर्ग सुरू झाले. पाच महिन्यांनी पुन्हा अर्ज. या वेळी चेतनाताई एकट्या नव्हत्या, बरोबर १५ बायका होत्या. त्यांनी रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांना सांगितलं की आमच्या लहानपणी गावात शाळाच नव्हती, तो आमचा दोष नाही. आम्हाला वाचता येत नसेल, पण हिशोब येतो. कुठल्याही रकमेवरचं व्याज विचारा. आणि तुमच्या साहेबांनाही तेच गणित कॅल्क्युलेटरशिवाय करायला सांगा. बघू कोण आधी सांगतं!

परवाना मिळाला. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

याला एक जुनी पायवाट होती, तीही सांगायला हवी. १९७४ साली अहमदाबादेत इला भट्ट यांच्या 'सेवा' संघटनेतल्या ४,००० बायकांनी प्रत्येकी १० रुपयांचा शेअर घेऊन स्वतःची बँक काढली होती. भाजी विकणाऱ्या, हातगाडी ओढणाऱ्या, विड्या वळणाऱ्या बायका. सही येत नाही तर ओळख कशी पटवायची? त्यांनी खातेदार बाईचा फोटो वापरला. आज आपल्याला त्यात काय विशेष वाटणार? पण त्या काळात तीच नवी टेक्नॉलॉजी होती.

पिन नको, अंगठा घ्या

माणदेशी बँकेने पहिली गोष्ट केली ती म्हणजे बाईला बँकेत बोलवण्याऐवजी बँक बाईकडे नेली. बँकेची माणसं बाजारात, गल्लीत, दारात जाऊन पैसे जमा करू लागली. जीपचं भाडं वाचलं, मजुरी वाचली.

मग डिजिटल व्यवहार आले. नियम असा की खातेदाराने पिन नंबर लक्षात ठेवायचा. बायका म्हणाल्या, पिन नको. बँकेने समजावलं, आम्ही शिकवू, सोपं आहे. बायका हटल्या नाहीत. दुसरं काहीतरी सांगा म्हटल्यावर त्यांनीच सुचवलं, अंगठा का नको? मग बँकेने व्यवहार बायोमेट्रिकला जोडले. त्यामागचं बायकांचं म्हणणं चेतनाताई सांगतात ते असं: पिन कुणीही चोरेल आणि माझे कष्टाचे पैसे काढून घेईल, अंगठा कोण चोरणार?

हे ऐकायला गोड वाटतं, पण यात एक कडू गोष्ट लपलीय. पिन "कुणीही" म्हणजे कोण चोरणार? बाहेरचा चोर नाही. बहुतेक वेळा घरातलाच कुणीतरी. नवरा, दीर, मुलगा. ज्या बाईला आकडे वाचता येत नाहीत, तिला पिन कुणाला तरी सांगावाच लागतो. आणि एकदा सांगितला की पैसे तिचे राहत नाहीत. शहरात बसून सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला वाटतं की पिन म्हणजे सुरक्षा. म्हसवडच्या बाईला माहीत होतं की तिच्या घरात पिन हेच भोक आहे. ही माहिती कुठल्याच कंपनीकडे नव्हती, तिच्याकडे होती.

इतिहासाच्या दृष्टीने बघा काय झालं. १८५८ मध्ये साहेबाने ठसा घेतला तो अविश्वासापोटी. सावकाराने अंगठा घेतला तो बांधून ठेवण्यासाठी. रिझर्व्ह बँकेने अंगठा हे परवाना न देण्याचं कारण ठरवलं. आणि म्हसवडमध्ये त्याच अंगठ्याची मागणी अंगठा असणाऱ्यांनी स्वतः केली. ज्या गोष्टीसाठी त्यांना नाकारलं होतं, तीच त्यांनी किल्ली म्हणून वापरली.

या कामाला नुसतं बँक म्हणणं कमी पडेल. तिथे बायकांसाठी उद्योगाचं शिक्षण देणारी शाळा निघाली. ज्या बाईला तालुक्याला जाता येत नाही, तिच्याकडे ती शाळा बसमध्ये बसून जाते. सुनीता कांबळे यांच्यासारख्या दलित समाजातल्या बाईने शेळ्यांच्या कृत्रिम रेतनाचं तंत्र शिकून त्यावर व्यवसाय उभा केला. हे काम पुरुषांचं मानलं जायचं, त्यात आपल्याकडे जात आडवी येते ती वेगळीच. पण शेळी आजारी पडली की माणसाला "शेळीच्या डॉक्टरबाई" आठवतात.

आणि केराबाई! दुष्काळात त्या सोनं गहाण ठेवायला बँकेत आल्या, जनावरांच्या चाऱ्यासाठी. त्यांनी विचारलं, सोनं ठेवून पाणी मिळेल का? पाणीच नसेल आणि आम्ही गाव सोडून गेलो, तर तुम्ही बँक कुणाबरोबर चालवणार? या प्रश्नाला उत्तर नव्हतं. म्हणून बँक चालवणाऱ्या लोकांनी चारा छावणी उभी केली आणि ती १८ महिने चालवावी लागली. छावणीत केराबाई गाणी म्हणून लोकांना धीर द्यायच्या. छावणी संपल्यावर त्या माणदेशीच्या रेडिओ केंद्रावर गेल्या आणि कार्यक्रम मागितला. लिहिता येत नाही तर स्क्रिप्ट कशी लिहिणार, असं विचारल्यावर त्यांचं म्हणणं साधं होतं. लिहिता येत नाही, गाता तर येतं! आपण पॉडकास्टवाले स्वतःला फार नवे समजतो. केराबाई आपल्या सीनियर आहेत.

२०१८ सालची दोन चित्रं

जानेवारी २०१८. स्वित्झर्लंडमधलं दावोस. जगातले पंतप्रधान, मोठ्या कंपन्यांचे मालक जिथे जमतात ती बैठक. त्या वर्षी पहिल्यांदाच तिच्या सातही सहअध्यक्ष महिला होत्या. नाणेनिधीच्या क्रिस्टीन लगार्द, आयबीएमच्या जिनी रोमेट्टी, नॉर्वेच्या पंतप्रधान एर्ना सोल्बर्ग आणि त्यांच्या बरोबरीने म्हसवडच्या चेतना सिन्हा. त्याच वर्षी एका जाहीर भाषणात त्यांनी सांगितलं की एक लाखाहून जास्त बायका या बँकेशी व्यवहार करतात.

आता दुसरं चित्र. मार्च २०१८. ६ तारखेला नाशिकहून हजारो शेतकरी मुंबईकडे चालत निघाले. १८० किलोमीटरच्या आसपास अंतर. त्यात सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवणचे आदिवासी मोठ्या संख्येने होते आणि बायका तर किती तरी. मुख्य मागणी होती कसत असलेल्या वनजमिनीच्या हक्काची. २००६ साली वनहक्क कायदा झाला, पण दावे कचेऱ्यांमध्ये पडून होते. त्या अर्जांवर सह्या होत्या, अंगठे होते. अंगठा देऊन झाला होता, जमीन नावावर झाली नव्हती. म्हणून पाय निघाले. १२ मार्चला दहावीच्या पोरांची परीक्षा होती, त्यांना त्रास नको म्हणून मोर्चेकरी रात्रीच चालून आझाद मैदानात पोहोचले. सोललेल्या तळपायांचे फोटो तेव्हा सगळ्यांच्या फोनवर फिरले. तुमच्यापैकी काही जण तेव्हा शाळेत असाल. काहींची आई, आजी त्या मोर्चात असेल.

एकाच राज्यातल्या, एकाच वर्षातल्या या दोन गोष्टी. एका ठिकाणी बायकांचा अंगठा त्यांना स्वतःच्या पैशापर्यंत नेत होता. दुसऱ्या ठिकाणी अंगठा देऊनही काही हाती लागत नव्हतं. अंगठा दोन्हीकडे तोच. फरक कशात होता? माझ्या मते, तो अंगठा घेणारी संस्था कुणाची, यात. म्हसवडची बँक तिथल्या बायकांच्या मालकीची आहे. कचेरी आपल्या मालकीची आहे असं मोर्चातल्या बायकांना कधी वाटलंच नाही.

पण अंगठा खरंच चोरता येत नाही?

इथे मी हा भाग संपवला असता तर गोष्ट छान झाली असती. पण मग सुरगाण्याच्या आजींचं काय?

२९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधार कार्ड नंदुरबार जिल्ह्यात, टेंभली गावात, एका आदिवासी महिलेला दिलं गेलं. त्यानंतर अंगठा सगळीकडे गेला. रेशनला, पगाराला, पेन्शनला, बँकेला. म्हसवडच्या बायकांनी मागितलेली गोष्ट इतरांना न मागता मिळाली. आणि मग तिचे दोष दिसू लागले.

एक तर बोटं झिजतात. भाताची आवणी, दगड, राख, द्राक्षबागेतली औषधं. ज्यांच्या हाताला सर्वांत जास्त काम, त्यांच्याच बोटांवरच्या रेषा सर्वांत आधी पुसट होतात. म्हणजे मशिन नेमकं कष्टकऱ्यालाच ओळखत नाही. म्हातारपणी तर आणखीच अवघड.

दुसरं, अंगठा चोरता येतो. हरियाणा, तेलंगणा, कर्नाटक अशा राज्यांत पोलिसांनी गेल्या काही वर्षांत असे गुन्हे उघड केले, ज्यात जमिनीच्या नोंदणीच्या कागदांवरचे ठसे उचलून त्यांची नक्कल बनवली होती आणि आधारवरून लोकांचे पैसे काढले होते. बघा, परत कागद! १८७५ मध्ये लोकांनी ज्या कागदाची होळी केली, तोच कागद नव्या रूपात अंगावर आला. आणि पिन चोरीला गेला तर बदलता येतो. अंगठा कसा बदलणार?

मग म्हसवडच्या बायका चुकल्या का? मला तसं वाटत नाही. त्यांच्याकडे अंगठा घ्यायला दारात येणारी व्यक्ती ओळखीची होती. मशिन नाही म्हणालं तरी "ही तर आपली अमकी" असं म्हणणारं माणूस समोर होतं आणि बँकेच्या सभेत उठून बोलायची सोय होती. तंत्र ओळखीच्या वर बसवलं होतं, ओळखीच्या जागी नव्हे. आपण मशिन घेतलं आणि ती ओळख मागे सोडली. बहुतेक घोळ तिथेच झालाय.

मग सुरगाण्यात काय करायचं?

मी काही भाषण देणार नाही. पण या इतिहासातून तीन गोष्टी मला दिसतात, त्या तुमच्यासमोर ठेवतो.

पहिली. तंत्रज्ञानातला उद्योग म्हणजे कोडिंग आलंच पाहिजे असं नाही. चेतना सिन्हांनी कुठलं मशिन शोधून काढलं नाही. त्यांनी आधी विचारलं की अडतंय कुठे, आणि जिला अडतंय तिच्याकडूनच उत्तर घेतलं. तुमच्या पाड्यावर नेटवर्क फक्त टेकडीवर मिळतं, जीप दिवसातून दोनदाच येते, आईच्या बोटाला मशिन ओळखत नाही. हे सगळं तुम्हाला माहीत आहे. पुण्या-बेंगळुरूच्या ऑफिसात बसलेल्याला नाही. ही माहिती म्हणजेच तुमचं भांडवल.

दुसरी. लहान रक्कम ही लहान गोष्ट नसते. प्लास्टिकच्या कागदासाठी बाजूला टाकलेल्या दहा रुपयांवरून बँक उभी राहिली.

तिसरी, आजच करता येण्यासारखी. तुमच्या घरात आई-आजी आधारवर पैसे काढत असतील, तर आधारच्या अधिकृत ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक करायची सोय आहे. पैसे काढायचे तेव्हा उघडायचं, नंतर बंद करायचं. पाच मिनिटांचं काम. पैसे काढल्यावर पावती मागा आणि किती निघाले ते आजीला वाचून दाखवा. मात्र एक लक्षात असू द्या. लॉक तुमच्या फोनमध्ये असेल तर आजीच्या पैशाची किल्ली तुमच्याकडे आली. मग म्हसवडच्या बायका ज्याला घाबरत होत्या तो "कुणीही" तुम्हीच होऊ शकता. तेव्हा विचारून करा, सांगून करा.

सुरगाण्यातून निघताना मी त्या दुकानातल्या पोराला विचारलं, दिवसाला किती जणांचा अंगठा लागत नाही? तो म्हणाला, मोजले नाहीत, पण म्हाताऱ्यांचा बहुतेक लागतच नाही. मग काय करतोस? तर म्हणाला, "ओळखीच्या असतात सगळ्या. थांबवून घेतो, चहा पाजतो, परत लावतो. उपाशी थोडीच पाठवणार?"

त्याच्या मशिनमध्ये ही सोय कुणी घातली नव्हती. ती त्याने स्वतः घातली होती.

या आठवड्याचं काम: घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा की तिने आयुष्यात पहिला अंगठा कुठे दिला होता आणि त्या कागदावर काय लिहिलंय हे तिला कुणी सांगितलं होतं का. उत्तर रेकॉर्ड करून आम्हाला पाठवा, तिची हरकत नसेल तरच. निवडक उत्तरं पुढच्या भागात ऐकवू.

आणि हो, पुढच्या वेळी कुणी कुणाला अंगठाछाप म्हणालं, तर त्याला रिझर्व्ह बँकेत गेलेल्या त्या १५ बायकांची गोष्ट सांगा. कॅल्क्युलेटरशिवाय.

भेटू पुढच्या भागात. रेंजमध्ये राहा!